दोन वाजून चार मिनिटं

ग्रिम्सबीत रात्री वारा मासळीचा वास घेऊन येतो,
बोटी कमी झाल्या तरी.
वृद्धाश्रमाच्या खिडक्या दुहेरी काचेच्या,
तरी तो येतोच, जसा पगार येतो,
जसा रविवार येतो.

माझं नाव शद्रक ओहोळ. राहुरीकडचा.
इथे सगळे शॅड म्हणतात.
त्या नावाचा एक मासा असतो, हे उशिरा कळलं.
आणि ज्याचं नाव बापाने मला दिलं
तो भट्टीत उभा राहिला होता.
माझ्या वाट्याला रेडिएटरशेजारची खुर्ची.

अकरा वर्षं रात्रपाळी.
दर तासाला बारा खोल्या बघायच्या,
तक्त्यावर वेळ लिहायची, सही करायची.
पहिली दोन वर्षं मी दार ढकलून
श्वास ऐकायचो.
मग दारापाशी थांबायचो. मग जिन्यापाशी.
मग खुर्चीतूनच, एका बैठकीत,
दोन, तीन, चार वाजताची ‘शांत झोप’
आधीच लिहून ठेवायचो.

श्रद्धा गेली का, असं कुणी विचारलं असतं तर
नाही हो, म्हणालो असतो. कुठे जाणार?
रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी मीच फिरवतो.
शास्त्रपाठ मीच वाचतो, उच्चार सांभाळून.
जेवणाआधी डोळे मिटतो,
वरणभात निवू नये इतपत.
देवाचं नि माझं भांडण झालं असतं
तर निदान आवाज तरी झाला असता.
तसं काही नव्हतं.
चहा विसरावा आणि त्याने साय धरावी, तसं.
प्रार्थनेच्याही चौकटी मी
आधीच भरून ठेवत होतो.

फेब्रुवारीतली ती रात्र.
सात नंबरच्या एडना स्टॅमर,
ज्यांचं आयुष्य गोदीवर जाळी विणण्यात गेलं
आणि ज्या आता पांघरुणाच्या कडेला
रात्रभर बोटांनी गाठी मारतात —
साडेचारला पाणी आणायला उठलो तेव्हा
त्या जमिनीवर होत्या, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये.
पाय बर्फ. ओला गाऊन वाळत आलेला.
म्हणजे बराच वेळ.
म्हणाल्या, “सॉरी हं, बाळा. तुला उगाच त्रास.”

तक्त्यावर माझ्याच अक्षरात:
दोन वाजता, शांत झोप.
तीन वाजता, शांत झोप.
चार वाजता.

नर्सला हाक मारली. हाड मोडलं नव्हतं.
दोघांनी उचललं, कोमट पाण्याने पुसलं.
कोमट.
तो शब्द हातात धरून मी बेसिनपाशी
किती वेळ उभा होतो कोण जाणे.

मग खुर्ची. मग पेन.
कॅमेरा फक्त मोठ्या दारावर.
एडनाबाईंना सकाळी काही आठवणार नव्हतं.
मी गुडघे टेकले नाहीत. रडलो नाही.
आभाळ-बिभाळ उघडलं नाही.
तिन्ही ओळींवर एकेक रेघ मारली
आणि बाजूला लिहिलं: गेलो नाही.
ती माझी कित्येक वर्षांतली पहिली प्रार्थना असावी.
किंवा नसेलही.

मॅनेजर हेझल ब्रॉकलबँक यांनी चष्मा काढून ठेवला.
लेखी ताकीद. तीन महिने देखरेख.
एडनाबाईंच्या लेकीला फोन मीच करायचा.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
दोन रविवार थाळी दुसऱ्याने फिरवली,
मीच सांगितलं होतं तसं.

नीतिमत्त्व हा शब्द लहानपणी
मला डोंगराएवढा वाटायचा,
वर ढग, ढगात कुणी पांढऱ्या कपड्यातलं.
इथे तो लिनोलियमचा आहे, बावीस पावलांचा,
सात नंबरपाशी थोडा उतार असलेला.
जायचं मन नसतं. अजूनही नसतं.
आधी ऊब येऊ दे, मग उठू, असं म्हणत
मी नऊ वर्षं बसून काढली.
आता गारठलेलाच उठतो.
परतताना ऊब कधी भेटते, कधी नाही.

काल दार ढकललं. श्वास ऐकला.
अंधारातून आवाज: “उशीर केलास.”
“चारच मिनिटं,” मी म्हणालो.
दोन वाजताच्या चौकटीत
दोन वाजून चार मिनिटं लिहिलं,
आणि पुढे:
जाग्या आहेत. गाठी मारताहेत.